धक्क्यावर एका झटक्यात सुरू, पाण्यात नुसती टक्-टक्: बोटीची बॅटरी पुन्हा पुन्हा बसते तेव्हा

निघताना सेल्फ एका झटक्यात घेतो. मग चार-पाच तास नांगरावर बसून गळ टाकायचे, आणि परतीला चावी फिरवली की नुसती टक्-टक्-टक्. घरी नेऊन बॅटरी चार्ज केली की पुढची फेरी ठीक जाते, त्याच्या पुढच्या फेरीला पुन्हा तेच. शेवटी नवी बॅटरी येते आणि काही महिन्यांत तीही तशीच वागू लागते. अशा वेळी दोष बहुधा बॅटरीत नसतो. तो हिशेबात असतो, नाहीतर तारांत. गाडी असती तर चार माणसांनी धक्का मारला असता. पाण्यात ती सोय नाही.

आत्ता पाण्यातच असाल तर

चावीवरचा हात काढा. बॅटरीत उरलेला थोडासा जीव "अजून एकदा बघू" करण्यातच संपतो, आणि रेडिओला नेमका तोच लागणार असतो. २५ वॅटवर बोलताना व्हीएचएफ सेट (बोटीवरचा बोलायचा रेडिओ) साधारण ५ ते ६ ॲम्पिअर ओढतो. व्होल्टेज फार उतरलेलं असेल तर बोलायचं बटण दाबताच सेट बंद पडतो: ऐकू येत राहतं, बोलता येत नाही. म्हणून बसवलेल्या सेटशिवाय स्वतःच्या सेलवर चालणारा एक हातातला सेट बोटीवर असावाच.

पहिलं काम नांगराचं. इंजिन बंद असलेली बोट वारा आणि प्रवाह नेतील तिकडे जाते, आणि बोटीच्या तळात डोकं घालून पाना फिरवताना खडक किती जवळ आले ते कळत नाही. नांगर उचलायचं विजेवरचं यंत्रही याच बॅटरीवर चालत असेल, तर नंतर तो हातानेच ओढायचा आहे हे धरून चाला. तळ लागत नसेल तर समुद्री नांगर (पाण्यात उघडणारी कापडी छत्री) नाकाशी बांधून सोडा. तो नसेल तर दोरीला बांधलेली मजबूत बादलीसुद्धा लहान बोटीचं नाक वाऱ्याकडे ठेवायला मदत करते.

मग कोणाला तरी कळवा. नांगर धरत नाही आणि बोट खडकांकडे किंवा जहाजांच्या वाटेत चालली आहे, अशी स्थिती असेल तर रेडिओच्या चॅनल १६ वर पॅन-पॅनचा (तातडीने मदत हवी असा) संदेश दुरुस्तीला हात घालण्याआधी द्यायचा. पाणी शांत असेल तर किनाऱ्यावरच्या माणसाला फोन करून जागा सांगून ठेवली तरी पुरे.

आता रेडिओ आणि तळातलं पाणी उपसणारा बिल्ज पंप सोडून सगळं बंद करा: फिश फाइंडर, संगीत, मासे जिवंत ठेवायच्या टाकीचा पंप, दिवे, फ्रिज. आणि फुकटातल्या गोष्टी तपासा. गिअर खरंच न्यूट्रलमध्ये आहे का? दांडा थोडा पुढे-मागे हलवून पुन्हा मध्ये आणा. न्यूट्रलचा स्विच किंचित सरकलेला असला तरी सेल्फ फिरत नाही. किल स्विचची (चालक पाण्यात पडला तर इंजिन बंद करणाऱ्या स्विचची) क्लिप जागेवर आहे का? मेन स्विच कोणाच्या पायाने फिरला तर नाही? आउटबोर्डच्या (बोटीच्या मागे बाहेर बसवलेल्या इंजिनाच्या) झाकणाखालचा २० किंवा ३० ॲम्पिअरचा फ्यूज शाबूत आहे का? आणि मुख्य म्हणजे, बॅटरीच्या टर्मिनलवरचे क्लॅम्प हाताने फिरवून पाहा. क्लॅम्प बोटांनी फिरत असेल तर बहुतेक वेळा दोष तिथेच असतो. पाना घेऊन आवळा.

इथे पेट्रोलबद्दल एक सक्त सूचना. बोटीच्या पोटात पेट्रोल इंजिन असेल तर ठिणगी उडू शकेल असं कुठलंही काम करण्याआधी इंजिनाचं झाकण पूर्ण उघडा आणि नाकाने वास घ्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळात साचून राहते. एरवी ही वाफ बाहेर काढणारा पंखा, म्हणजे ब्लोअर, किमान चार मिनिटं चालवतात, पण बॅटरी बसलेली असताना ब्लोअरवर भिस्त ठेवता येत नाही. झाकण उघडं ठेवून हवा खेळू द्या. वास येत असेल तर जंप केबलला हातही लावू नका.

आवाज काय सांगतो

चावी एकदाच, दोन सेकंद फिरवा आणि कान द्या. मल्टीमीटर असेल तर त्याच वेळी एकाने तो बॅटरीच्या शिशाच्या खुंट्यांवर धरावा, क्लॅम्पवर नाही.

पूर्ण शांतता, पॅनेलवरचा दिवाही नाही: मेन स्विच, मोठा फ्यूज किंवा निखळलेली तार. बॅटरी हळूहळू उतरते तेव्हा दिवे आधी मंद होतात. सगळं एकदम गेलं तर जोडणी तुटली असं समजा.

दिवे चांगले पण सेल्फ गप्प: न्यूट्रलचा स्विच, चावीचा स्विच किंवा सोलेनॉइडकडे (सेल्फला करंट जोडणाऱ्या विजेच्या स्विचकडे) जाणारी बारीक तार.

भराभर टक्-टक्-टक्: बॅटरी उतरल्याची किंवा जोडणी सैल असल्याची ही खूण. सोलेनॉइड ओढला जातो, सेल्फला करंट मिळताच व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज परत येतं आणि तो पुन्हा ओढला जातो. हेच चक्र कानावर येतं.

एकच ठळक टक् आणि मग काही नाही: इथे घाई करू नका. खुंट्यांवर १२ व्होल्टच्या वर आकडा टिकून असेल तर करंट पुढे जातच नाही; सोलेनॉइडचे संपर्क किंवा केबल पाहा. आकडा बराच पडतो आणि बॅटरी मात्र भरलेली आहे, तर सेल्फ किंवा इंजिनच अडकलेलं असू शकतं. डिझेलच्या सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असताना दुसरी बॅटरी लावून जोर केला तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

सेल्फ जडपणे फिरतो: बॅटरी अर्धवट उतरलेली, किंवा तारेत अडथळा.

सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पेट घेत नाही: हा बॅटरीचा विषय नाही. किल स्विच, इंधन, हवा खेचू लागलेली इंधनाची नळी याकडे वळा. याच चुकीने चांगली बॅटरी वीस मिनिटांत रिकामी केली जाते. सेल्फ एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त मारू नका. मध्ये किमान अर्धा-एक मिनिट थांबा, नाहीतर त्याची वाइंडिंग तापते.

शिडाच्या बोटीतल्या डिझेलचा एक सापळा वेगळा सांगायला हवा. ओला एक्झॉस्ट असलेलं इंजिन नुसतं सेल्फवर फिरत राहिलं तर पंप समुद्राचं पाणी सायलेन्सरमध्ये ढकलत राहतो. इंजिन पेटलेलं नसल्यामुळे ते पाणी बाहेर फेकायला धुराचा दाब नसतो. सायलेन्सर भरला की पाणी उलटं सिलिंडरमध्ये येतं. त्यामुळे तीन-चार प्रयत्नांत सुरू झालं नाही तर समुद्राच्या पाण्याचा कॉक बंद करून सेल्फ मारा, आणि इंजिनने पेट घेताक्षणी तो उघडा. विसरलात तर पंपाचं रबरी इंपेलर (पाणी ढकलणारं चाक) थोड्याच वेळात जळतं. कॉक बंद केला की चावीला फडकं बांधून ठेवा, म्हणजे आठवण राहते.

सुरू करायचे मार्ग, ज्या क्रमाने करावे त्या क्रमाने

*बोटीवरचीच दुसरी बॅटरी.* दिवे आणि उपकरणांची बॅटरी वेगळी असेल तर मेन स्विचने तिच्यावर या. बरेच जण सरळ "दोन्ही" वर फिरवतात. उतरलेली बॅटरी नुसतीच रिकामी असेल तर हे चालतं. अशा वेळी दहा मिनिटं तशीच जोडून ठेवा, मग चावी फिरवा. पण तिचा एक सेल आतून शॉर्ट असेल तर ती चांगल्या बॅटरीलाही खाली ओढते. ओळख सोपी आहे: काहीही चालू नसताना आकडा साधारण १०.५ व्होल्टवर अडकलेला असतो, कारण सहापैकी २.१ व्होल्टचा एक सेल गेलेला असतो. अशी बॅटरी परिपथातून बाहेर काढा. स्विच नसेल तर केबल हलवायच्या: आधी काळी सोडायची, मग लाल. लावताना आधी लाल, शेवटी काळी. पाना लाल टर्मिनलवर असताना तो इंजिनाला टेकणार नाही असं बघा.

ट्रोलिंग मोटरच्या (बोट हळू चालवणाऱ्या विजेच्या मोटरच्या) २४ किंवा ३६ व्होल्टच्या बॅटऱ्या असतील तर त्यातल्या एकाच बॅटरीच्या दोन खुंट्यांवरून १२ व्होल्ट घ्यायचे. सीरिजची जोडपट्टी काढल्याशिवाय हे करू नका. लाल केबल चुकून दुसऱ्या बॅटरीच्या खुंटीवर गेली तर २४ व्होल्ट इंजिनाच्या कॉम्प्युटरला जातात.

*लिथियम जंप पॅक.* एकट्याने बोट नेणाऱ्यासाठी सगळ्यात उपयोगी वस्तू, मात्र ती भरलेली हवी. दर तीन महिन्यांनी चार्ज करा, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेवा, उन्हात तापणाऱ्या कप्प्यात ठेवू नका. खोक्यावरचे "पीक" ॲम्पिअर क्षणभरापुरते असतात, तेव्हा निवडताना इंजिनाच्या आकारमानाचा तक्ता पाहा आणि एक पायरी वरचा घ्या. डिझेलला पेट्रोलपेक्षा बराच मोठा लागतो.

लाल चिमटा बॅटरीच्या धन टोकाला, काळा इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन हवेत ४ टक्के झाला तरी पेट घेतो, म्हणून शेवटची ठिणगी तिच्यापासून दूर पडली पाहिजे. पुष्कळ पॅकना समोर थोडं तरी व्होल्टेज दिसल्याशिवाय ते करंट सोडत नाहीत. बॅटरी अगदीच शून्याकडे गेलेली असेल तर बूस्टचं बटण दाबावं लागतं, आणि त्या अवस्थेत उलट्या जोडणीपासून मिळणारं संरक्षण अनेक पॅकमध्ये बंद झालेलं असतं. बटण दाबण्याआधी लाल-काळं दोनदा बघा. इंजिन सुरू झालं की अर्ध्या मिनिटात चिमटे काढा.

बसलेली बॅटरी सोडवून नुसत्या पॅकवर इंजिन सुरू करायची युक्ती करू नका. पॅक काढला की अल्टरनेटरसमोर बॅटरीच उरत नाही. व्होल्टेज उसळतं, आणि डायोड, रेग्युलेटर, कधी चार्टप्लॉटरही (नकाशा दाखवणारा पडदा) जातो.

*दुसऱ्या बोटीकडून.* डुलणाऱ्या दोन बोटींमध्ये केबल ताणली जाते हीच खरी अडचण. फेंडर (बोटी एकमेकींवर घासू नयेत म्हणूनच्या गाद्या) लावा, दोन्ही टोकं घट्ट बांधा, आणि २० ते २५ किलोची बॅटरी हातोहात पलीकडे द्यायचा मोह टाळा. केबल २५ चौरस मिलिमीटर तांब्याची तरी हवी, डिझेलसाठी ३५. स्वस्त केबलवर जाड रबर आणि आत चिमूटभर तांबं असतं. सेल्फ मारताना ती गरम झाली तर हेच कारण. क्रम असा: लाल तुमच्या बॅटरीला, लाल त्यांच्या बॅटरीला, काळी त्यांच्या बॅटरीला, काळी तुमच्या इंजिनाच्या धातूला. काढताना नेमका उलटा. सेल्फ मारताना त्यांचं आउटबोर्ड बंद असलेलं बरं, कारण त्यांच्या छोट्या रेग्युलेटरवर तुमच्या सेल्फचा भार पडायला नको. पण त्यांच्याकडे दुसरी बॅटरी आहे का हे आधी विचारा. नाहीतर अडकलेल्या बोटी दोन होतात.

*दोरी.* लहान आउटबोर्डना फ्लायव्हीलवर दोरीची खाच असते. मोठ्या फोर-स्ट्रोकना ती सोयच नसते. इंजिनाच्या पुस्तकात हे घरीच बघून ठेवा. इंधन इंजेक्शनच्या इंजिनाला कॉम्प्युटर आणि इंधनपंपासाठी वीज लागते, म्हणून बॅटरी ठार बसली असेल तर बहुतेक मॉडेल दोरी ओढूनही पेटत नाहीत. काही मात्र बॅटरीशिवाय पेटतील अशीच बनवलेली असतात. करायचंच तर किल स्विचची क्लिप अंगाला लावलेली, चावी चालू, गिअर न्यूट्रल. वरचं कव्हर काढा, दोरीची गाठ खाचेत बसवा, बाणाच्या दिशेने दीड-दोन वेढे द्या. दोरी हाताला गुंडाळायची नाही, दुसऱ्या टोकाला लाकडी मूठ हवी. मागे कोणी उभं नाही हे पाहा. कोपर थेट त्याच्या तोंडावर बसतं. आधी सावकाश ओढून कॉम्प्रेशन जाणवू द्या, मग एक लांब झटका. इंजिन सुरू झाल्यावर फिरत्या फ्लायव्हीलवर कव्हर बसवायला जाऊ नका. केस, ओढणी, सैल बाही लांब ठेवा. हे सगळं एकदा धक्क्याला बांधलेल्या बोटीत करून पाहिलेलं असावं.

*जुनं डिझेल.* डिकॉम्प्रेशनचा (सिलिंडरमधला दाब सोडणारा) दांडा असेल तर अर्धमेल्या बॅटरीवरही बरंच साधतं. दांडा उचला, सेल्फने किंवा हँडलने इंजिनाला वेग येऊ द्या, मग दांडा सोडा. एकापेक्षा जास्त सिलिंडर असतील तर एकेकाचा सोडा. हँडल धरताना अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, विरुद्ध बाजूला नाही. उलटा झटका बसला तर अंगठा मोडतो. ग्लो प्लग (थंड सिलिंडर तापवणारे) चार मिळून ४० ते ६० ॲम्पिअर घेतात, त्यामुळे इंजिन अजून गरम असेल तर ते टाळून पाहा. थंड असेल तर मात्र त्यांच्याशिवाय नुसता सेल्फ मारणं अधिक महागात पडतं.

सुरू झालं, आता बंद करू नका

एका वेळच्या सेल्फला वीज फारच थोडी लागते: १५० ॲम्पिअर, ३ सेकंद, म्हणजे जेमतेम ०.१३ ॲम्पिअर-तास. म्हणून "पंधरा मिनिटं चालवलं की भरते" असा समज पसरला आहे. त्या एका सेल्फपुरतं ते खरं आहे, पण दिवसभर उपसलेल्या बॅटरीला लागू नाही. इंजिन चालू ठेवून सरळ परत या. बॅटरीची तार चालत्या इंजिनावर काढू नका, आणि १-२-दोन्ही-बंद असा जुना स्विच इंजिन चालू असताना "बंद" वरून फिरवू नका. अल्टरनेटरचे डायोड घालवायचा हा खात्रीचा मार्ग आहे.

मग दर वेळी हे का होतं?

कागद घ्या आणि नांगरावरच्या पाच तासांची बेरीज करा. नऊ इंचांचा प्लॉटर-फाइंडर २ ॲम्पिअर, माशांच्या टाकीचा पंप ३, संगीत २, रेडिओ नुसता चालू अर्धा, उरलेले किरकोळ अर्धा. झाले ८. पाच तासांत ४० ॲम्पिअर-तास. बॅटरी ८० ची असेल तर अर्धी रिकामी. तरी इंजिन सुरू होतं, म्हणून कोणाला काही वाटत नाही. परतीच्या ४० मिनिटांत चार्जिंग २० ॲम्पिअर आलं आणि उपकरणांनी ८ खाल्ले, तर बॅटरीला मिळाले साधारण ८ ॲम्पिअर-तास. बोट बांधली तेव्हा बॅटरीत ४८. पुढच्या सुट्टीला त्यातून पुन्हा ४० गेले की ८ उरतात, आणि आठावर सेल्फ टक्-टक् करतो. म्हणजे बॅटरी बसली दुसऱ्या रविवारी, पण उधारी पहिल्याच रविवारी झाली होती. मधल्या आठवड्यात तिला चार्जर लावला नाही, ही खरी चूक.

ट्रोलिंगच्या वेगाने हळूहळू फिरत मासेमारी करणाऱ्यांचा हिशेब तर अजून वाईट. आउटबोर्डचा पुस्तकातला चार्जिंग आकडा इंजिन मिनिटाला बऱ्याच फेऱ्या घेत असतानाचा असतो. ७०० ते १००० फेऱ्यांवर त्याचा थोडाच भाग मिळतो. इंजिन दिवसभर चालू आणि बॅटरी तरी उतरते, याचं कारण हेच.

शिशाच्या बॅटरीचा शेवटचा पाचवा हिस्सा भरायला कितीतरी तास लागतात. ते काम किनाऱ्यावरचा चार्जरच करू शकतो. अर्धवट भरलेली ठेवली की प्लेटवर सल्फेटचे कठीण स्फटिक बसतात आणि क्षमता कायमची घटते. त्यात सेल्फची बॅटरी पातळ प्लेटांची असते, क्षणभर भरपूर करंट देण्यासाठी केलेली. तिच्यावर तासन् तास उपकरणं चालवणं म्हणजे तिचं आयुष्य कापणं. "नवी टाकली तरी गेली" या तक्रारीमागे बहुधा एवढंच असतं.

हिशेब जुळतो, तरी उतरते

बोट उभी असतानाची गळती मोजा. सगळं बंद, काळी केबल बॅटरीवरून काढलेली, मल्टीमीटर १० ॲम्पिअरच्या खाच्यावर लावून खुंटी आणि केबल यांच्यामध्ये. या जोडणीत चावी फिरवू नका, मीटरचा फ्यूज उडेल. १० ते ३० मिलिॲम्पिअर चालतात. ५० दिसले तर महिन्याला ३६ ॲम्पिअर-तास गेले. एकेक फ्यूज काढत जा. ज्याने आकडा खाली येतो ती वाट. संगीताच्या सेटची आठवण ठेवणारी तार इथे वारंवार सापडते.

बिल्ज पंपाचा फ्लोट कचऱ्याने वर अडकला तर ४ ॲम्पिअरचा पंप एका दिवसात ९६ ॲम्पिअर-तास संपवतो. म्हणून तो पंप मेन स्विचमागे टाकून बंद करायचा असं नाही, बोट बुडेल. त्याला स्वतःचा फ्यूज देऊन सेल्फच्या नव्हे, दुसऱ्या बॅटरीवर टाका आणि फ्लोट महिन्यातून एकदा हाताने उचलून पाहा.

मीटरचं काळं टोक ऋण खुंटीवर ठेवून लाल टोक बॅटरीच्या वरच्या प्लास्टिकवर फिरवा. अर्धा व्होल्ट दिसला तर मिठाच्या ओल्या थरातून वीज झिरपते आहे. कपभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून पुसा, झाकणाच्या छिद्रांतून थेंबही आत जाऊ देऊ नका.

आता तारा. खाऱ्या हवेत आतल्या आत काळं पडलेलं तांबं बाहेरून दिसत नाही, आणि ओहममीटर लावून "ठीक आहे" म्हणणं फसवं असतं. ०.०१ ओहम साध्या मीटरला दिसतही नाही, पण १५० ॲम्पिअरला तेवढ्यावर दीड व्होल्ट जातो. खरी चाचणी सेल्फ मारतानाच होते. किल स्विचची क्लिप काढा, म्हणजे इंजिन पेटणार नाही. तुमच्या इंजिनाचा सेल्फ क्लिपशिवाय फिरतच नसेल तर पुस्तकातली पेट न घेऊ देण्याची पद्धत वापरा. लाल टोक बॅटरीच्या धन खुंटीवर, काळं सेल्फच्या मोठ्या बोल्टवर. सेल्फ फिरत असताना अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर त्या वाटेत अडथळा आहे. ऋण बाजूला खुंटी ते इंजिनाचा धातू ०.३ च्या आत हवं. जास्त असेल तर एकेक सांधा मोजत या: खुंटी ते क्लॅम्प, क्लॅम्प ते केबलचं लग (टोकाची कडी), स्विचची आत-बाहेर. काही सेकंदांच्या सेल्फनंतर जो सांधा हाताला कोमट लागतो तोच गुन्हेगार.

जाड केबलवर पंखाचे नट वापरू नका. ते बोटांच्या जोराने आवळले जातात आणि इंजिनाच्या थरथरीने सुटतात. अमेरिकेतल्या एबीवायसी संस्थेचं ई-१० मानकही ६ गेज आणि त्याहून जाड तारांवर ते नाकारतं. स्प्रिंग वॉशरसह साधा नट, कल्हई केलेली तांब्याची केबल, आत गोंद असलेलं हीटश्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी). आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली. आधी लावून मग आवळू नये.

चार्जिंगसाठी मीटर बॅटरीवर ठेवून इंजिन २००० फेऱ्यांवर न्या. १३.८ ते १४.६ हवेत. बॅटरीवर १३.३ आणि अल्टरनेटरवर १४.४ दिसले तर मधली तार दोषी. १५ च्या वर गेले तर रेग्युलेटर गेला, आणि तो बॅटरी उकळतो आहे.

पुढच्या फेरीची तयारी

सेल्फची बॅटरी फक्त सेल्फसाठी. बाकी सगळं दुसऱ्या, डीप सायकल (खोलवर उतरवून पुन्हा भरता येणाऱ्या) बॅटरीवर. दोघींमध्ये व्होल्टेज पाहून जोडणारा रिले लावा; तो साधारण १३.३ ते १३.७ व्होल्टला दोन्ही जोडतो आणि १२.८ च्या आसपास सोडतो, म्हणजे इंजिन चालू असताना दोन्ही भरतात आणि नांगरावर वेगळ्या राहतात. हाताने फिरवायच्या स्विचमध्ये दोष काही नाही, पण "दोन्ही" वर विसरला की त्या दिवशी दोन्ही बॅटऱ्या एकदमच रिकाम्या होतात. दुसरी बॅटरी लिथियमची असेल तर साधा रिले चालत नाही, मध्ये डीसी-डीसी चार्जर (एका बॅटरीवरून दुसरी भरणारा) हवा.

निघण्यापूर्वी दोर सोडायच्या आधी तीन आकडे बघा. चावी लावण्यापूर्वी १२.५ किंवा जास्त; रात्रभर चार्जरवर असेल तर आधी पाच मिनिटं दिवे लावून वरवरचा चार्ज उतरवा, नाहीतर आकडा फुगलेला दिसतो. सेल्फ मारताना १० च्या खाली जायला नको, ९.६ च्या खाली गेला तर त्या दिवशी निघू नका. इंजिन चालू झाल्यावर १३.५ च्या वर. मग एकदा बंद करून पुन्हा सुरू करा आणि आकडे वहीत टिपा. सेल्फच्या वेळचा आकडा दर महिन्याला थोडा थोडा खाली येताना दिसतो तेव्हा बॅटरी बदलायला अजून वेळ हातात असतो. आणि उपकरणं अजून सेल्फच्याच बॅटरीवर असतील, तर प्लॉटरचा व्होल्टेज अलार्म १२.२ वर लावा. तो वाजला की मासे लागत असले तरी इंजिन सुरू करायचं.

सोबत ठेवायचं ते थोडंच: भरलेला जंप पॅक, मल्टीमीटर, टर्मिनलचे पाने (बहुधा १० आणि १३ नंबर, पण स्वतःच्या बोटीवर लावून बघा), ताराचा ब्रश, इंजिनाचे फ्यूज, दोरी मूठ आणि गाठीसकट, हातातला रेडिओ. पाने बॅटरीच्या खोक्यालाच बांधून ठेवा.

बॅटरी खरंच संपली का, हे ठरवायला ती पूर्ण चार्ज करून काही तास नुसती ठेवा. १२.६ च्या आसपास टिकली आणि सीसीएच्या (बॅटरीवर लिहिलेल्या, थंडीत सेल्फला मिळणाऱ्या ॲम्पिअरच्या आकड्याच्या) निम्म्या भाराखाली १५ सेकंद ९.६ च्या वर राहिली, तर तिच्यात दोष नाही. वरचा तारांचा भाग पुन्हा करा. पाण्याची बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने सहाही सेल मोजा. भरलेल्या सेलची घनता १.२६५ च्या जवळ असते. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने मागे असेल तर चार्जर कितीही दिवस लावला तरी ती सुधारणार नाही. नवी घेताना इंजिनाच्या पुस्तकातला सीसीए किंवा एमसीए पाहा आणि दोन्ही एकच समजू नका: सीसीए उणे १८ अंशाला मोजतात, एमसीए शून्य अंशाला. त्यामुळे एकाच बॅटरीचा एमसीए आकडा मोठा दिसतो.